पांढराच पट्टा

माझी कंबर धरली ती टेलिफोन एक्स्चेंजमधल्या खुर्चीमुळे. कानाला हेडसेट लावून दिवसभर ट्रंक कॉल जोडायचे, मुंबईची लाइन लागली नाही की लोकांच्या शिव्या खायच्या आणि तरी मवाळ आवाजात म्हणायचं, "जरा थांबा हं." मी तेव्हा तिशीला टेकले होते. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. रत्नागिरीत बाईमाणसाने व्यायाम करायचा तरी कुठे? पुरुषांना तालीम होती. आम्हाला मांडवीच्या किनाऱ्यावर संध्याकाळची एक फेरी, तीही नवऱ्याबरोबर, साडी सावरत.

गिरण्यांच्या संपानंतर मुंबईहून परत आलेल्या एका तरुणाने तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये कराटेचा वर्ग काढला होता. मी जाऊन विचारलं. तो जरा गोंधळला, मग म्हणाला, "या की, वहिनी. बायकांनी येऊ नये असं कुठे आहे?"

घरी सांगितलं तर दुकानातून आलेला नवरा हसला. "आता आम्हाला जपून राहायला हवं!" पहिल्यांदा मीही हसले. पण पुढे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो हेच ऐकवायचा, आणि पाहुणेही दर वेळी नवं असल्यासारखे हसायचे.

कपड्यांची वेगळीच कटकट. ती पांढरी पँट घालून गल्लीतून जायची माझी छाती नव्हती. मी पँटवरच साडी नेसायची, सदरा पिशवीत घालायची आणि हॉलच्या मागे जाऊन साडी सोडायची. धुतलेला तो पोशाख दोरीवर दिसला की सासूबाई करवादायच्या, "हे आत वाळत घाल गो. शेजारीण विचारते, तुमच्याकडे कोण कंपाउंडर उतरलाय काय?"

वर्गात सगळी कॉलेजची मुलं, बाई मी एकटी. घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवून उभं राहायचं, की माझ्या मांड्या लटलट कापायच्या. सर ओरडायचे, "डावा पाय, वहिनी! डावा!" आणि मी हमखास उजवा टाकायची. घरी येऊन भाकऱ्या थापताना मनातल्या मनात डावा-उजवा घोकायची. माझ्यानंतर आलेली मुलं परीक्षा देऊन पिवळा पट्टा बांधायला लागली. माझा पांढराच.

माझ्या परीक्षेला कोल्हापूरचे परीक्षक आले होते. मी सगळं न चुकता केलं. ते म्हणाले, "आवाज कुठे आहे?" ठोसा मारताना पोटातून ओरडायचं असतं. मी पुन्हा ठोसा मारला. जो आवाज निघाला तो थेट एक्स्चेंजमधला, "जरा थांबा हं" छापाचा. मुलं खाली बघून हसली. मी नापास.

मग मी आवाजाच्या मागे लागले. घरात ओरडणार कशी? सुट्टीच्या दिवशी गावाबाहेर सड्यावर गेले. आजूबाजूला नुसता कातळ. पाय रोवले, श्वास खाली नेला आणि ओरडले. पलीकडे चरणाऱ्या गुरांनी एकदम धूम ठोकली. त्यांचा राखणदार काठी घेऊन धावत आला. "काय झाला बाय? साप दिसला काय?"

मी म्हटलं, "हो." दुसरं काय सांगणार? तो बिचारा कितीतरी वेळ कातळाच्या फटींत काठी घालून साप शोधत राहिला.

पुढच्या परीक्षेत आवाज खणखणीत निघाला. पण त्या आवाजाच्या आनंदात पाय चुकला. पुन्हा नापास. त्या दिवशी मी रस्त्याने रडत आले आणि नवऱ्याने दारातच नेहमीचा विनोद केला. मी पिशवी आपटून सरळ मोरीत गेले. तिसऱ्या परीक्षेची तयारी चालू असतानाच सरांना आखातातला व्हिसा मिळाला. वर्ग बंद. कंबर तर अजूनही दुखतच होती. एवढं सगळं करून मिळवलं काय, या विचाराने मी कितीतरी दिवस सगळ्यांवर खेकसत होते.

त्याच वर्षी सासूबाई अंगणात घसरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. मुंबईहून थोरले दीर आणि जाऊबाई आल्या. जेवणं झाल्यावर माजघरात बैठक बसली. मला कुणी बस म्हटलं नाही. दीर म्हणाले, "आईचं करायला घरात माणूस हवं. हिला नोकरी सोडायला सांग." हे ते नवऱ्याला सांगत होते. नवरा मान खाली घालून सुपारी कातरत राहिला.

एरवी मी आत जाऊन भांड्यांवर राग काढला असता. पण तेव्हा माझे पाय आपोआप थोडे फाकले, टाचा जमिनीला टेकल्या, श्वास खाली गेला. मी म्हटलं, "भाऊजी, मी नोकरी सोडणार नाही. सकाळ-संध्याकाळ मी त्यांचं सगळं करीन. दुपारचं काय करायचं ते आपण सगळ्यांनी ठरवू."

मी ओरडले नव्हते. पण आवाज जराही कापला नाही, हे माझं मलाच नवल वाटलं. दीर म्हणाले, "फार बोलायला शिकलीस." मी तिथेच उभी राहिले.

खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे तिला हापिसात. ही इथे दिवसभर बसली तर माझ्यावर खेकसत राहील."

शेवटी दुपारी नवऱ्याने दुकान बंद करून घरी यायचं ठरलं. त्याला पेज करायला शिकावं लागलं. सुरुवातीला रोज खाली लागायची, आणि सासूबाई ती खाताना त्याला जे बोलायच्या, ते मी संध्याकाळी शेजारणीकडून ऐकायची.