पंपाच्या खोलीतली निळी पुडी

हेमांगीला लहानपणी कुणी ‘नको’ म्हटलं की ती ‘का?’ म्हणून विचारायची. आता चौतिशी उलटली. पटेल असं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, म्हणून ती अजून विचारते.

प्रकाशा गावाजवळ तापीकाठी तिच्या वडिलांची, रूपचंद पाटलांची, केळीची बाग आहे. हेमांगी सकाळी नंदुरबारच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि संध्याकाळी बागेतल्या जुन्या पंपाच्या खोलीत जाऊन बसते. पंप केव्हाच बोअरवर गेला होता. मागे राहिलेल्या ग्रीसच्या वासात हेमांगीने काचेची भांडी मांडली आणि तांब्याचा क्षार व एक सेंद्रिय आम्ल एकत्र शिजवून निळी पुडी करायला घेतली; तापवून पूर्ण कोरडी केली की ती जांभळट-काळी होई.

“हाई काय शे?” रूपचंदनानांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“नाना, घर बांधतांना परांची उभारतस ना, तशीच ही. तांबाना सांधा, आम्लन्या दांड्या, आनि मधमा रिकाम्या खोल्याच खोल्या. हवेतला वायू जाईसन त्या भिंतीसले चिकटी बसस. चमचाभर पुडीन्या आतल्या भिंती अंथऱ्या ते अर्धा एकर भरी.”

नानांनी चमचा हातात घेऊन उजेडात धरला. “मंग तेन्हा सातबारा कोन्हा नावे शे?”

पुढे रसायनशास्त्राचं नोबेल असल्याच जाळीदार पदार्थांना मिळालं. बक्षीस घेतलं परदेशातल्या लोकांनी, पेढे वाटले प्रकाशा गावात वत्सलाबाईंनी, म्हणजे हेमांगीच्या आईने.

पेढे खाऊन झाल्यावर शहाद्याचे केळीचे व्यापारी माणकचंद शेठ नानांकडे आले. त्यांना पंपाची खोली क्रेट ठेवायला हवी होती. नाना अर्धे तयारच होते.

“खोली कामाची आहे,” हेमांगी म्हणाली. “पिकतं केळं इथिलीन नावाचा वायू सोडतं. तो शेजारच्या केळ्यांना लागला की तीही पिकू लागतात. माझी पुडी तो वायू अडकवून ठेवते. म्हणजे माल दूरच्या बाजारात हिरवा पोचेल.”

“बेटी,” शेठ हसले, “चाळीस वर्षं मी केळी पिकवतो. केळं कुणाचं ऐकत नाही.”

“माझ्यासारखंच आहे म्हणायचं.”

नानांनी खोकून हसू लपवलं आणि निवाडा दिला. सोमवारपासून बारा दिवस, एकाच घडाच्या दोन फण्या, दोन बंद डबे. एका डब्यात पुडी, दुसऱ्यात नाही. बारा दिवसांनी पुडीच्या डब्यातली फणी हिरवी निघाली तर खोली हेमांगीची, पिवळी निघाली तर शेठची. शेठ इतके निश्चिंत होते की त्यांनी शनिवारीच वीस क्रेट खोलीच्या आत भिंतीशी आणून लावले.

रविवारी हेमांगी दुकानातून डबे घेऊन आली, तर वत्सलाबाई खोलीत पदर खोचून बसलेल्या.

“देख, कसा रंग उजळी गया!”

परातीत सकाळी जांभळट-काळी, कोरडी ठणठणीत ठेवलेली पुडी आभाळासारखी फिकट निळी झाली होती. वत्सलाबाईंचं माहेर नंदुरबारचं, मिरचीच्या धंद्यातलं. तिथे वाळकी मिरची पोत्यात भरण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडतात, म्हणजे ती मोडत नाही आणि नाकात जात नाही. परातीवरचं झाकण उचलताच पुडी उडताना बघून बाईंचा हात आपोआप तांब्यात गेला होता.

“माय, काय करं तू हाई!”

“काय करं? उडी ऱ्हायंती, जराशी शिंपडी!”

हेमांगीने परात पुढे ओढली. पुडीतल्या सगळ्या खोल्यांत पाणी शिरलं होतं, आता वायूला उभं राहायलाही जागा नव्हती. नवी पुडी शिजवायला आठवडा लागला असता आणि शेठ सकाळी नऊला येणार होते.

“शेठले सांग, पुढला सोमवारी ये,” नाना दारातून म्हणाले. आवाजात लेकीबद्दल दया होती आणि नेमकी तीच तिला चालत नव्हती.

“काबर? पानी शिरनं तसं निंघी बी.”

तिने आईचा भाकरीचा तवा उचलला, बाहेर शेगडी मांडली, नाकाला फडकं बांधलं आणि पुडी तव्यावर पसरली. वत्सलाबाई उलथणं घेऊन समोर बसल्या. मिरचीच्या माहेराची बाई, फडकं न बांधताही शिंकली नाही. मंद आचेवर पुडी हळूहळू गडद होत गेली, कडेने आधी, मग मधे. पुन्हा जांभळट-काळी.

“मन्हा तवा?” वत्सलाबाईंनी विचारलं.

“आते तो प्रयोगशाळेना. भाकरी नव्या तव्यावर.”

सोमवारी शेठ केळ्यांची पिशवी घेऊन आले. हेमांगीने पुडीच्या पुरचुंडीभोवती चुन्याचे कोरडे खडे रचले, कारण केळ्याचा स्वतःचा ओलावाही पुडीला भरून टाकतो. मग शेठकडे वळली.

“तुमच्या पिशवीतली सगळ्यात पिकलेली दोन केळी द्या.”

“कशाला?”

“हिरव्यांच्या शेजारी ठेवते. तीच वायू सोडतील. दोन्ही डब्यांत एकेक.”

“बेटी, स्वतःच्या पायावर धोंडा मारतेस.”

“पाय माझाच आहे ना?”

शेठनी निवडून दोन केळी दिली, ठिपके पडलेली.

दोन पुरचुंड्या होत्या, एक डब्यात, दुसरीतली पुडी तव्यावर. दर तिसऱ्या दिवशी दोन्ही डबे सारखेच उघडून अदलाबदल, म्हणजे भरलेली पुडी तव्यावर रिकामी होई. तवा सांभाळायला वत्सलाबाई, आणि परातीजवळ पाण्याचा तांब्या आणायला सगळ्यांना बंदी. पाचव्या दिवशी पुडी नसलेल्या डब्यातली फणी पिवळीधमक झाली. शेठ येऊन त्यातली दोन खाऊन गेले. “गोड आहेत,” म्हणाले, “खोलीला कुलूप मी माझं लावीन हं.”

बाराव्या दिवशी दुसरा डबा उघडला. शेठचं केळं कोळशासारखं काळं झालं होतं. शेजारची फणी हिरवी. अकरा केळी होती, त्यातल्या एकाच्या टोकाला तेवढी पिवळी झाक.

शेठनी त्यावर बोट ठेवलं. “हे पिवळं.”

“टोक पिवळं,” हेमांगी म्हणाली. “आणि मी ते लपवणार नाही, वहीतही तसंच लिहीन. पुढच्या वेळी पुडी जास्त घालीन. पण दहा केळी आणि अकराव्याचं बाकी सगळं अंग हिरवं आहे, शेठ, नि शेजारी तुमचं काळं होऊन बसलंय.”

सगळे नानांकडे बघायला लागले. नानांनी ते टोक अंगठ्याने दाबून पाहिलं. चाळीस वर्षं त्यांनीही केळी दाबलीच होती. टणक लागलं.

“फनी हिरवीच शे,” ते म्हणाले. “खोली मन्ही पोरनी.”

शेठ काही बोलणार तोवर हेमांगीने पहिला क्रेट उचलून दाराबाहेर ठेवला. मग दुसरा. विसावा ठेवल्यावर तिने ते काळं केळं दोन बोटांत धरून वरच्या क्रेटमध्ये अलगद ठेवलं.

“हे तुमचं होतं, शेठ. परत घेऊन जा.”