बर्फाचा रोजा

आमच्या गुरुवारच्या स्तोत्र मंडळाचे किस्से देवघरातल्या सुपाऱ्यांसारखे आहेत. प्रत्येक पूजेनंतर एखादी उरतेच, आणि टाकवत तर नाही. या काही नलूताईंच्या घरच्या.

नलूताईंची लेक मुक्ता संशोधक. उत्तर ध्रुवाकडं भर हिवाळ्यात पंपानं समुद्राचं पाणी ओढून बर्फावर सोडायचं, ते गोठलं की थर जाड होतो, मग उन्हाळ्यात बर्फ टिकेल, असा तिच्या टीमचा प्रयोग. आम्हाला काही उमजेना. मंडळात सगळ्यांत वडील कुसुमकाकू. त्या म्हणाल्या, "अगं, वैशाखात पिंडीवर गळती लावतो ना, तसंच."

दुसऱ्या दिवशी नलूताई भाजीवाल्यालाही अभिमानानं सांगू लागल्या, "आमची मुक्ता उत्तरेत गळती लावते."

तो म्हणाला, "ताई, आधी गल्लीतल्या पाइपाची गळती काढाय सांगा की तिला."

*

ध्रुवांवरचा बर्फ असाच जात राहिला तर समुद्र वाढेल, असं नलूताई काळजीनं सांगत होत्या. कुसुमकाकूंनी विचारलं, "आपल्या चितेगावपर्यंत येईल का गं? आपल्याला नळ आठवड्यानं येतो, म्हणून म्हटलं."

त्या दिवशी काकूंना प्रसाद सगळ्यांत शेवटी मिळाला.

*

शेजारच्या रेहानाभाभी चहाला आल्या होत्या. नलूताई समजावत होत्या, "बर्फ पांढरा, म्हणून ऊन परत पाठवतो. तो गेला की काळं पाणी सगळं ऊन पितं."

"हौ, हम गच्ची पे चुना मारते, वैसाइच," भाभी म्हणाल्या. "इसके वास्ते इत्ती पढाई?"

*

मुक्ता तिथंही संकष्टी धरते. नलूताईंनी कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ कळवली, तर तिचाच फोन आला, "आई, इथं चंद्र कालपासून मावळलाच नाही. उपवास सोडू कधी?"

नलूताईंनी घाबरून आमच्याकडं पाहिलं. कुसुमकाकू म्हणाल्या, "जेव म्हणावं. तिच्यासाठीच थांबलाय तो."

*

उन्हाळा लागला तसा नलूताईंनी नेम धरला. लेकीचा बर्फ उन्हाळाभर टिकेपर्यंत आपण बर्फ सोडायचा. इथं ऊन असं, की पंखासुद्धा गरम वारा देतो. शहागंजच्या बाजारात भाभींबरोबर उसाचा रस घेताना त्या म्हणाल्या, "बर्फ नको."

"गला खराब है क्या, मौसी?" रसवाल्यानं विचारलं.

त्या काही बोलायच्या आत भाभींनी सांगितलं, "इनका बर्फ का रोजा है."

*

गौरी जेवल्या त्या दुपारी मुक्ताचा फोन आला. आजूबाजूचं बरंच वितळलं होतं; पण जिथं पाणी सोडलं, तिथला तुकडा राहिला होता.

"केवढा गं?"

"आपल्या गच्चीएवढा असेल, आई."

नलूताईंनी डोळे पुसले. भाभी धावत घरी गेल्या आणि सरबताचा ग्लास घेऊन आल्या. "लो, रोजा छोडो." आत बर्फाचा एकच खडा तरंगत होता.

नलूताई अंगणात उभ्या होत्या. ग्लास हातात घेतला, पण ओठाला लावेनात. कुसुमकाकू म्हणाल्या, "अगं पी ना, वितळेल तो."

नलूताईंनी पदर पुढं ओढून ग्लासावर धरला.

"थांबा हो. ऊन लागतंय त्याला."