असोद्याच्या मातीचा गुण

पंडित नारखेडेला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो गांडुळं मारत होता.

सत्त्याऐंशीचा पावसाळा. मी मराठीत एम.ए. होऊन जळगावात नोकरी शोधत होतो. पिंप्राळ्यात भाडं वाटून घेणारा सोबती मिळाला, म्हणून ट्रंक घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. खिडकीच्या कट्ट्यावर काचेच्या बशा मांडल्या होत्या. प्रत्येकीत हिरवट पाणी आणि त्यात एक गांडूळ. पंडित समोर मांडी घालून बसला होता. हातात मनगटी घड्याळ धरलेलं.

"चपला बाहेर काढ," तो म्हणाला. "इथं संशोधन चालू आहे."

तो वनस्पतिशास्त्रात एम.फिल. करत होता. विषय भुईआवळा. पावसाळ्यात बांधावर, गटाराच्या कडेला, पायरीच्या फटीत हे वीतभर झुडूप आपोआप उगवतं. पानांखाली मोहरीएवढी फळं ओळीनं लटकतात. गावोगावी लोक ते काविळीवर ताकातून देतात. त्यातली कडू द्रव्यं यकृतावर नेमकं काय काम करतात, हे शोधायला बरीच शहाणी माणसं झटत होती. पंडित त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता. पण यकृतावर काम करायचं तर उंदीर लागतात, उंदरांना पिंजरे लागतात, पिंजऱ्यांना मंजुरी लागते. गांडुळांना काहीच लागत नाही. केळीच्या बागेत पाट फोडला की हवी तेवढी मिळतात. पोटातल्या जंतासारखी दिसतात म्हणून औषधांच्या चाचणीला चालतातही. तेव्हा पंडितचा विषय काविळीवरून जंतावर आला. माणसं सोयीनं सोयरीक बदलतात तसा त्यानं रोग बदलला.

'क्रियाशील घटक' हा त्याचा आवडता शब्द. चहात आलं पडलं की, क्रियाशील घटक. पानवाल्यानं कात लावला की, क्रियाशील घटक. घरमालकीण सुगंधाबाई कढीपत्ता तोडायला अंगणात आल्या की हा खिडकीतून त्यांना घटक समजावून सांगायचा. त्या बिचाऱ्या कढी उतू जाईपर्यंत ऐकत राहायच्या.

माझ्या विषयाबद्दल त्याचं मत ठाम होतं.

"तुमच्या कवितेनं आजवर एक तरी गांडूळ मेलंय का?"

 मेलं नव्हतं.

दर शनिवारी तो असोद्याला घरी जायचा. एकदा मीही गेलो. त्याचे वडील, उखर्डू आबा, दारातच भेटले. हसरा माणूस. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून पाठीवर पंप घेऊन कपाशीत फिरणं त्यांना जमत नव्हतं. ते काम रविवारी पंडित करायचा, कारण रविवारीच तो गावात असायचा. त्यात काही वावगं नाही. शिकलेला मुलगा बापाची कपाशी फवारतो, हे मला तेव्हा फार मोठं वाटलं होतं.

शनिवारी संध्याकाळी तो मला वावरात घेऊन गेला. कपाशीच्या बांधावर भुईआवळा दाट माजला होता. पंडितनं खिशातून पुडी काढली. झुडपाला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, हात जोडले आणि पुटपुटला, "उद्या न्यायला येतो."

मी चकित होऊन पाहत राहिलो. हा माणूस मला रोज विज्ञान सुनावायचा.

"हे काय?"

"आमंत्रण. आजीची रीत आहे. वनस्पतीला आदल्या दिवशी सांगायचं, रविवारी हातानं उपटायची. लोखंड लावायचं नाही, पाणी लावायचं नाही. धुतली की गुण जातो."

"विज्ञानात असं आहे?"

"विज्ञान नंतर आलं. आजी आधी होती."

रविवारी सकाळी त्यानं नाकाला टॉवेल बांधला, पंप पाठीवर घेतला आणि ओळीनं कपाशी फवारली. वारा बांधाकडे होता. काम संपल्यावर मोटारीच्या पाइपाखाली साबणानं हात धुतले. मग पुन्हा धुतले. स्वतःच्या बाबतीत तो काळजी घेणारा होता. त्यानंतर बांधावर वाकून त्यानं भुईआवळा उपटला आणि तसाच वर्तमानपत्रात गुंडाळला. पानांवर पांढुरके ठिपके होते. मला ते दव वाटलं. मराठीच्या माणसाला वाटायचंच. वनस्पतिशास्त्राच्या माणसाला काय वाटलं, ते तो बोलला नाही.

तो पाला आमच्या खाटेखाली वाळायचा. मी खिडकी उघडी ठेवून झोपायचो. वाळलेला पाला तो कॉलेजात स्पिरिटमध्ये भिजवायचा, स्पिरिट उडवून टाकायचा. तळाशी उरायचा काळपट हिरवा चिकटा. सबंध गाठोड्याचा गुण चमचाभर चिकट्यात. तो पाण्यात कालवून गांडुळांवर घातला की चहा निवायच्या आत गांडुळं ताठ.

पंडितचे मार्गदर्शक सर बंगला बांधत होते. विटांच्या गाडीकडे लक्ष ठेवता ठेवता त्यांनी एक शहाणी सूचना केली. दुसऱ्या जागेचा भुईआवळा घेऊन पाहा. पंडितनं आमच्या घरामागच्या गटाराकडेचा घेतला. त्यालाही शनिवारी आमंत्रण दिलं. गटाराला हळदकुंकू वाहणारा पिंप्राळ्यातला तो पहिला माणूस असावा. त्या अर्कात गांडुळं दुसऱ्या दिवशीही मजेत वळवळत होती.

इथं कोणीही थांबलं असतं. पंडित नाचला.

"माती! अरे माती! असोद्याची काळी माती आहे ही! झाड तेच, पण गुण मातीचा!"

त्यानं मातीवर एक सबंध प्रकरण लिहिलं. सरांनी वाचलं की नाही, माहीत नाही, सही केली. असोद्याचे मोतीलाल गुरुजी शाळा सुटल्यावर वर्तमानपत्राला बातम्या धाडायचे. त्यांनी मथळा दिला, 'असोद्याच्या मातीत संजीवनी'. गावानं पंडितला शाल आणि नारळ दिला. भाषणात पंडितनं जगभरचे जंत मारून टाकले. आबांनी ते कात्रण बंडीच्या खिशात ठेवलं आणि बसच्या कंडक्टरपासून केळीच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांना दाखवलं.

नवरात्रात आबांना कावीळ झाली.

निरोप आला तसे आम्ही दोघं गेलो. आबा ओसरीवर बाजेवर पडले होते. डोळे पिवळे, नखं पिवळी. पोटात पाणी ठरत नव्हतं. डोक्यावर काविळीसाठी मंतरलेली हिरव्या देठांची माळ. पंडितची आई, धुरपदाबाई, पायाशी बसली होती.

"माळ कानालोक आली," ती म्हणाली. "गळ्यात उतरली का कावीळ उतरली."

पंडितनं मान हलवली. "माय, देठ ओले असताना त्याच्या गाठी मारतात. देठ सुकले की गाठी सैल होतात. दोरा सरकतो, माळ लांबते. कावीळ जिथल्या तिथं असते. जरा डोकं चालव."

अगदी बरोबर होतं ते. दुसऱ्याची माळ त्याला आरपार दिसत होती.

"आबा, जळगावला दवाखान्यात जाऊ," मी म्हणालो.

आबांनी डोळे उघडले. "पोरगा औषध काढतो अन् बाप दवाखान्यात जातो? लोक काय म्हणतीन रे भाऊ? माह्या पोराचं औषध देय मले."

"ते जंतांवरचं आहे ना?" मी पंडितला हळूच विचारलं.

"जो घटक जंत मारतो, तो काविळीचे जंतू सोडेल का?" तो मोठ्यानं म्हणाला. एव्हाना ओसरीसमोर बरीच माणसं जमली होती. मोतीलाल गुरुजी कॅमेरा घेऊन आले होते.

पंडितनं पिशवीतून बाटली काढली. तळाशी तोच चिकटा. कडू लागू नये म्हणून तो गुळाच्या पाण्यात कालवला आणि कपात ओतला. ओतताना थोडं ओट्यावर सांडलं. कप आबांच्या उशाशी ठेवून तो गुरुजींना घटक समजावू लागला. भुईआवळ्यात काय काय आहे, कोणकोणत्या देशांत त्यावर काम चाललं आहे, आणि त्या सगळ्यांकडे असोद्याची माती कशी नाही.

सांडलेल्या गुळाला मुंग्या लागल्या. रांगेनं आल्या. तोंड लावलं आणि जागच्या जागी आकसल्या. मागून आलेल्या पुढच्यांवर पडल्या.

"पाह्य रे पंडित," धुरपदाबाई म्हणाली, "मुंग्या कश्या झाल्या ह्या?"

"वा!" गुरुजी म्हणाले. "ताकद आहे औषधात! मुंगीची ही गत, मग काविळीची काय!"

लोक हसले. पंडित हसला नाही. तो मुंग्यांकडे पाहत होता. मग त्यानं मान वळवली आणि अंगणाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिथं फवारणीचा पंप उलटा करून ठेवला होता. शेजारी औषधाचा पत्र्याचा डबा, त्यावर कवटीचं चित्र.

वारा बांधाकडे होता. पानांवर ठिपके होते. पाणी लावायचं नव्हतं. गटाराकडे कोणी फवारत नाही. सगळं मला एकदम कळलं. पंडितला माझ्याआधी कळलं होतं. त्याचा चेहरा आबांपेक्षा पिवळा पडला होता.

भुईआवळा बिचारा निर्दोष होता. त्याची परीक्षा कोणी घेतलीच नव्हती.

आता पंडित बोलेल, असं मला वाटलं. एकच वाक्य बोलायचं होतं. आबा, हे पिऊ नका, यात फवाऱ्याचं विष आहे. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. त्यानं समोर जमलेल्या माणसांकडे पाहिलं, गुरुजींच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. आबांनी कप उचलला.

मी पुढं झालो. माझ्याआधी धुरपदाबाई बोलली.

"थांबा. आपल्या घरची रीत हाये. देणाऱ्यानं आंधी घोट घ्यायचा. पंडित, तू घे."

"मी निरोगी आहे, माय. निरोग्याला हे चालत नाही."

"तुही आजी साऱ्यायले आंधी पिऊन दाखवे," आबा म्हणाले. "घे घोटभर. मंग मी घेतो."

त्यांनी कप त्याच्या हातात दिला. पंडितनं तो ओठांपर्यंत नेला.

"जरा इकडं पाहा," गुरुजी म्हणाले.

पंडित त्यांच्याकडे वळला, एक पाऊल पुढं आला आणि बाजेत पाय अडकून पडला. बाज त्याच्यापासून चांगली हातभर लांब होती. कप फुटला. हिरवं पाणी ओट्यावरून अंगणात ओघळलं.

"अपशकुन झाला," तो पडल्या पडल्या म्हणाला. माळेच्या गाठी सोडवून दाखवणारा हाच माणूस. "सांडलेलं औषध लागू पडत नाही. परत करायला आमंत्रण द्यावं लागेल, रविवार लागेल. तोवर थांबता येणार नाही. आबांना आत्ताच्या आत्ता जळगावला न्या."

उठल्यावर त्यानं स्वतः माती ओढून ओटा सारवून घेतला. बाटली त्याच्या हातात होती. नंतर ती मला कुठं दिसली नाही.

आबा दवाखान्यात राहिले आणि बरे होऊन घरी आले. गावात बोलवा झाला की पंडितचं औषध नुसतं हुंगल्यानंच अर्धी कावीळ उतरली होती. बाकीची दवाखान्यानं आपल्या नावावर लावली. गुरुजींनी तसं छापूनही आणलं.

दवाखान्यातून पिंप्राळ्याकडे चालत येताना मी त्याला विचारलं, "पाय कशात अडकला?"

"बाजेत."

"बाज लांब होती."

त्यानं चालण्याचा वेग वाढवला. मग म्हणाला, "प्रबंध बांधायला टाकलाय."

एम.फिल. झाली. जामनेरच्या एका कॉलेजात तो लेक्चरर लागला. मातीचं प्रकरण तसंच राहिलं. लोक त्याच्याकडे अजून बाटली मागायला येतात, तो देतोही. भुईआवळा मात्र आता बादलीत बुडवून खळखळून धुतो. आजीच्या रितीचं काय झालं, ते कोणी विचारत नाही. मध्यंतरी मी गेलो होतो. म्हटलं, गांडुळांवर एकदा करून दाखव.

"जीव घेणं मला आता पटत नाही," तो म्हणाला.

परतताना असोद्याला गेलो. आबा ओसरीवर एकटेच बसले होते. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. पंडितचं कसं चाललंय, विचारलं. छान चाललंय, मी म्हणालो.

"पंडित लहानपणापासून ह्या ओट्यावर खेळेल हाये," आबा म्हणाले. "बाजेत पाय अडकून कधी पडला नही. त्या दिवशीच पडला."

मी ओट्याकडे पाहिलं.

"बरं झालं पडला," ते म्हणाले.

मग बंडीच्या खिशातून जुनं कात्रण काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. "चष्मा घरात राह्यला. वाच जरा."

मी वाचून दाखवलं. असोद्याच्या मातीत संजीवनी. आबा शेवटच्या ओळीपर्यंत मान डोलावत होते.