डाव्या पायातलं पिस्तूल

आमच्या घरात पिस्तुलावरून वाद एकदाच झाला, आणि तोही आमटी-भात चालू असताना.

दोन्ही पिस्तुलं खोटी होती. (कुवेतमध्ये राहून या विषयावर लिहिताना हे आधी सांगितलेलं बरं!) मराठी मंडळाच्या नाटकात मी मोलकरणीच्या वेशातली गुप्तहेर होते. शेवटच्या प्रवेशात कमरेला लपवलेलं पिस्तूल झटकन काढून खलनायकाला "हात वर!" म्हणायचं, एवढंच काम. खलनायक आणि दिग्दर्शक एकच, साठेकाका. मूळचे पुण्याचे, मीना अल-अहमदीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनिअर. त्यांनी दुकानातून अॅल्युमिनियमचं छोटं पिस्तूल आणून दिलं.

बाबांनी जेवताजेवता ते हातात घेतलं, टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. बाबा मालवणकडचे, अठरा वर्षं इथे लोखंडी पाइप कापून जोडणारे फॅब्रिकेटर आहेत.

"ह्या पिस्तूल? ह्या तर डब्याचा झाकण!"

"बाबा, नाटकातलं आहे ते."

"नाटक खोटा असूंदे. काम कित्या खोटा?"

पुढचे तीन शुक्रवार, म्हणजे सगळ्या सुट्ट्या, बाबा फोरमनला विचारून वर्कशॉपमध्ये भंगारातलं स्टील घासत बसले. तळहातात मावेल असं पिस्तूल तयार झालं. कडा गोल, आणि जोड कुठे आहे ते शोधूनही सापडू नये! नळीला भोक नव्हतं, टोकाला लाल रंग होता, आणि मुठीवर बाबांनी आमच्या इमारतीच्या इजिप्शियन रखवालदाराकडून अरबीत 'खेळणं' असं लिहून घेतलं. तरीही ते नेताना-आणताना बाबा इतकी हळू गाडी चालवत, की बनेद अल-गारला घरी पोचेपर्यंत मागचे सगळे हॉर्न वाजवत.

आता दोनांतलं एक निवडायचं होतं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे काहीही निवडायचं असलं की मी तक्ता करते. वजन, लांबी, कपड्यांतून दिसतं का, पटकन निघतं का... असे सहा निकष लिहिले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर अॅल्युमिनियमचं पिस्तूल एका कांद्याएवढं भरलं. बाबांचं सहा कांद्यांएवढं! ते कमरेला लावून मी चालून दाखवलं.

"अगो, कमरेत उसण भरल्यासारखी काय चालतंस?" आई म्हणाली.

पाच निकषांत अॅल्युमिनियम जिंकलं. सहावा निकष 'दिसायला' होता.

तक्ता मी बाबांना दाखवणार होते. पण त्यांच्या नखांत अजून काळी पूड होती आणि ते आईला सांगत होते, "सगळे इंजिनिअर येतले. बघूंदेत." अठरा वर्षांत बाबांचं काम कुणी साहेबाने हातात घेऊन पाहिलं नव्हतं. पाइपाचा जोड कोण हातात घेतो? मी तक्त्याची घडी घातली.

"तुमचंच घेते, बाबा."

प्रयोगाच्या दिवशी रुमैथियातल्या शाळेचं सभागृह भरलं होतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. मी पिस्तूल सलवारीच्या नाडीत खोचलं, वर कुडता, वर ओढणी. तालमीत सगळं ठीक होतं. (तालमीत मी जीन्स घालून जायचे, हे मला आत्ता लिहिताना जाणवतंय.)

शेवटचा प्रवेश आला. साठेकाका तिजोरीकडे वळले. मी कमरेला हात घातला आणि नाडी सैल झाल्याचं कळलं! एका हाताने मी सलवार गच्च धरली. पिस्तूल मात्र मांडीवरून, गुडघ्यावरून सावकाश प्रवास करत घोट्याशी पोचलं आणि सलवारीच्या अरुंद मोहरीत अडकून बसलं.

"हात वर!" मी म्हणाले. हातात काहीच नव्हतं.

साठेकाका थांबले. मग त्यांना बहुधा दया आली. त्यांनी हात वर केले आणि दातांतल्या दातांत विचारलं, "अगं, कुठंय?"

मी उत्तर देण्याआधीच पहिल्या रांगेतून बाबा ओरडले, "डाव्या पायात आसा गो, डाव्या!"

सभागृह हसत सुटलं. वाकावं तर सलवार सुटणार, न वाकावं तर पिस्तूल निघणार नाही. मग मी एकच गोष्ट करू शकत होते. डावा पाय उचलून साठेकाकांवर रोखला आणि म्हटलं, "हलू नका!" ते हलले नाहीत. (हसू दाबणाऱ्या माणसाला हलता येत नाही.) पडदा पडला.

आत जाऊन पिस्तूल सोडवेपर्यंत साठेकाका बाबांना रंगमंचावर घेऊन आले. पिस्तूल इंजिनिअरांच्या हातांतून फिरू लागलं.

"याला जोड कुठे दिलाय हो?" साठेकाकांनी चष्मा वर करून विचारलं.

"दिसतलो नाय, साहेब," बाबा म्हणाले आणि इतके हसले, की पिस्तूल घोट्यावर आपटल्याचं दुखणं मी विसरले. माझ्या अभिनयाबद्दल कुणी काही विचारलं नाही.

परतताना मी हळूच म्हटलं, "बाबा, जरा जड होतं."

"पिस्तुलात काय खोट नव्हती. नाडी बाजारची होती."

घरी येऊन मी तक्त्यात सातवा निकष लिहिला. नाडी.

पुढच्या नाटकातही साठेकाकांनी मला घेतलं आहे. पडदा उघडतो तेव्हा मी मेलेली असते आणि शेवटपर्यंत तशीच राहते. काही लपवायचं नाही, काही काढायचं नाही. डाव्या कुशीवर मरावं की उजव्या, याचा तक्ता मात्र तयार आहे.