बापाच्या तेरवीचं भजन

अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. मागून आणलेल्या. आईनं सकाळीच सडा टाकला होता. चहाचं आधण उकळून उकळून आटलं. कोणी आलं नाही.

बापाची तेरवी होती. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात भजन मंडळाची रीत आहे. मंडळातला माणूस गेला, की तेरवीच्या संध्याकाळी सगळे त्याच्या अंगणात बसून भजन म्हणतात. बाप असा कित्येक घरी गेला होता. धुतलेला सदरा घालून, खंजिरी घेऊन. निर्गुणाची भजनं तोच उचलायचा. देवाले रूप नाई, रंग नाई, जात नाई. हे म्हणताना तो डोळे मिटून घ्यायचा. त्याला ते खरं वाटायचं.

आम्ही चांभार. भजनानंतर सगळ्यांना चहा कपबशीत, बापाला कागदी ग्लासात. घरी येऊन तो म्हणायचा, "बरं हाय. धुवा नाई लागत."

अंधार पडला तशी मी उठले. मंडळाचे अध्यक्ष गुरुजी, त्यांच्या घरी गेले. मंडळ त्यांच्या ओसरीत बसलं होतं. खंजिऱ्या होत्या, टाळ होते. माझ्याच बापासाठी बसले होते. तिथं.

मी म्हणलं, "गुरुजी, आई वाट पाहून राह्यली. चला ना."

गुरुजी म्हणाले, "बाई, देव निर्गुण आहे, निराकार आहे. इथून म्हणलं काय, तुमच्या इथून म्हणलं काय. पोचते त्याले. तू काऊन जिवाले लावून घेते?"

बाकीच्यांनी टाळ उचलले. 'ये, बस,' असंही कोणी म्हणालं नाही. ज्या शब्दावर बापानं जन्मभर जीव टाकला, तोच शब्द त्यांनी माझ्या तोंडावर लावून घेतला. दार लावतात तसा.

घरी आले. म्हणलं, "येत नाईत."

आई सतरंज्या गोळा करू लागली. मग थांबली. "तू म्हण," म्हणाली.

पहिल्याच ओळीत माझा आवाज तुटला. पुढची ओळ आईनं धरली. तिला मी कधी गाताना ऐकलं नव्हतं. दोघींनीच भजन पुरं केलं.

यंदा तालुक्याला भजन स्पर्धा लागली. गुरुजी अंगणात येऊन उभे राहिले.

"तुह्या गळ्यात तुहा बाप हाय. मंडळाले तू पाह्यजे."

आईनं तांब्यात पाणी आणलं.

"आत्ताच पिऊन निघालो," गुरुजी म्हणाले.

आई तांब्या धरून तशीच उभी.

मी म्हणलं, "मी येत नाई, गुरुजी."

"तुहा बाप आला असता."

"हो. तो आला असता. मी नाई येत."

ते गेल्यावर आई रडली. "देवासाठी तरी जा लागत होतं तुले."

निर्गुणावर माझाही जीव आहे. तो बापानंच लावला. मी घरी गाते, धानाच्या रोवणीला जाते तेव्हा बांधीतल्या चिखलात गाते. पण ज्या माणसाला माझ्या आईच्या हातचं पाणी चालत नाही, त्याच्यासाठी माझ्या तोंडून एक ओळ निघणार नाही. स्पर्धेत नाही, मंदिरात नाही, त्याच्या मयतीलाही नाही.

आई अजून संध्याकाळी कुंपणाशी जाऊन उभी राहते. गुरुजींच्या घरून भजन ऐकू येतं. ती हात जोडते.

तिनं जोडावे. मी जोडणार नाही.