सगळ्यांच्या भुवईवर पट्टी
काल भाजी चिरताना बोट कापलं, सुनेनं चिकटपट्टी लावली, आणि त्या औषधी वासाबरोबर मला ती ओळख परेड आठवली बघा. घाटकोपरला बाजारातून येताना एकानं माझं मंगळसूत्र खेचलं होतं, आणि माझ्या लक्षात राहिला तो फक्त त्याच्या डाव्या भुवईवरचा व्रण. पुढे पोलिसांनी एकाला पकडलं आणि मला तुरुंगात ओळखायला नेलं. हवालदार दारातच थांबला, म्हणाला, “मावशी, आम्हाला आत यायची परवानगी नाही. बिनधास्त जा.” आत एक मॅजिस्ट्रेट साहेब, आणि समोर रांगेत सात जण, सारख्याच अंगाचे, प्रत्येकाच्या डाव्या भुवईवर चिकटपट्टी! “अगं बाई, सगळ्यांना एकाच जागी लागलं?” मी विचारलं. साहेब हसले. “एकाला व्रण आहे, म्हणून सगळ्यांना पट्टी. तुम्ही चेहरा ओळखा. खात्री असेल तरच खांद्यावर हात ठेवा.” एकजण नुसता घामाघूम झाला होता, माझा हात त्याच्याकडे जातही होता. पण घाम तर मलाही फुटला होता ना! आणि माझा हात पडला की तो माणूस अडकलाच. चेहरा मी पाहिलाच कुठे होता? “नाही सांगता येत,” म्हटलं. बाहेर हवालदार वैतागला, “काय मावशी, वाट लावलीत केसची!” मंगळसूत्र काही परत मिळालं नाही, पण तेव्हापासून लोकांच्या भुवया बघायची मला खोडच लागली. आमच्या दूधवाल्याच्या डाव्या भुवईवर व्रण आहे, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याच्या आहे, आणि परवा जेवायला वाढताना दिसलं, माझ्या जावयाच्याही आहे.