तहसीलदारीणबाईंची हरकत

तहसीलदारीणबाई माणसाकडे बघायच्या ते फाईल बघितल्यासारखं. आधी वरून खालपर्यंत नजर, मग उसासा, मग निकाल. कॉलनीतल्या बहुतेकांचे निकाल त्यांनी पहिल्याच भेटीत लावले होते आणि पुढे ते फिरवायची वेळ त्यांच्यावर कोणी आणली नाही. आमचे निवृत्त प्राध्यापक म्हणजे ‘शिकलेला बैल’. मी वाळूजच्या कारखान्यात सुपरवायझर, म्हणून ‘शिट्टीवाला’. ‘शिट्टी वाजली की उठतो, शिट्टी वाजली की जेवतो,’ असं त्या माझ्या बायकोलाच सांगायच्या. बायको हसायची, आणि ते मला जास्त लागायचं.

त्या स्वतः तहसीलदार नव्हत्या. त्यांचे यजमान होते. मराठवाड्यातल्या निम्म्या तालुक्यांत बदल्या भोगताना साहेबांनी सह्या केल्या आणि बाईंनी माणसं ओळखली. ‘आमचे साहेब कागद वाचायचे. कागद आणणाऱ्याचं तोंड मी वाचायची,’ म्हणायच्या. हे सांगताना साहेबांबद्दल फार आदर आहे असं वाटायचं नाही. आदर हा प्रकारच त्यांना झेपत नसे.

मी त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा साहेबांची स्मृती पार विस्कटली होती. घरात ते खुर्चीत बसून कचेरी चालवायचे. बाई चहा घेऊन गेल्या की म्हणायचे, ‘अर्ज ठेवा आणि बाहेर थांबा.’ लग्नाची बायको त्यांना अर्जदार वाटायची. फक्त संध्याकाळी रानात नेलं की ती कोण, हे त्यांना कळायचं.

रान म्हणजे आमच्या कॉलनीच्या मागची, स्टेशनाला लागून असलेली सरकारी जमीन. कोणी लावलं नाही, कोणी राखलं नाही, म्हणूनच ते वाढलं असावं. कडुनिंब, बाभळी, बोरी, सीताफळं, आणि मधूनच ओरडणारे मोर. तिथल्या पायवाटेवर साहेब स्वतः पुढे चालायचे. एका जुन्या कडुनिंबापाशी थांबायचे, खोडाला हात टेकायचे आणि मागं वळून म्हणायचे, ‘सुमन, दम लागला का?’ बाई म्हणायच्या, ‘व्हय, लागला.’ लागलेला नसायचा. मी त्यांना त्या वाटेवर बऱ्याचदा पाहिलं आहे. तेवढा वेळ बाईंच्या तोंडून कोणाचाही उद्धार होत नसे.

मग ‘स्टेशन परिसर विकास’ आला. रानाच्या जागी बसचं नवं टर्मिनल, त्याच्या भोवती दुकानं, हॉटेल आणि गाड्या लावायचे मजले. योजनेच्या चित्रात इमारतीसमोर कुंडीत चार झाडंही काढली होती. कॉलनीनं ताबडतोब बचाव समिती काढली. प्राध्यापक अध्यक्ष झाले. हिरवे टी-शर्ट छापले. मोबाईलवर ग्रुप निघाला, त्यावर रोज सकाळी दवबिंदू असलेलं पान यायचं आणि खाली ‘सुप्रभात, वृक्षमित्रांनो’. रविवारी लोक झाडांना मिठ्या मारून फोटो काढायचे. बाभळीला कोणी मिठी मारली नाही, हे बाईंनी बरोबर हेरलं होतं. ‘काट्याची ती यांची नाय,’ म्हणाल्या. समितीच्या सभेला त्या आल्या, पण खुर्ची भिंतीकडे वळवून, सभेकडे पाठ करून बसल्या. भाषणं ऐकायला तोंड बघायची गरज नसते, असं त्यांचं म्हणणं.

टर्मिनलवरच्या हरकतींच्या सुनावणीची नोटीस कॉलनीच्या फलकावर लागली त्या दिवशी आम्ही सगळे तिथंच होतो. प्राध्यापकांनी मोठ्यानं वाचून दाखवली. बाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि हसल्या.

‘त्या दिवशी पाणी हाय,’ म्हणाल्या.

आमच्या शहरात नळाला पाणी येतं तो दिवस कसा असतो, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. मधे इतके दिवस कोरडे जातात की पाण्याच्या दिवशी लोक रजा टाकतात, पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवतात. मोटार, पाईप, टाकी, पिंप, शेवटी पातेली. लग्नाची तारीखसुद्धा पाण्याचा दिवस चुकवून धरतात.

‘योगायोग असेल हो काकू,’ प्राध्यापक म्हणाले.

‘योगायोग?’ बाई म्हणाल्या. ‘आमचे साहेब सुनावणी पोळ्याला ठेवायचे. समदं गाव बैल धुवायला ओढ्यावर, आन् हिकडं कागदावर हरकती निरंक. मी तवा म्हणायची, काय डोकं हाय माणसाचं. आता घरटी एक माणूस पाठवा. एक दिवस कोरडं राहिलात तर मरत नाय.’

सगळ्यांनी माना डोलावल्या. ग्रुपवर मुठी आवळलेल्या हातांची चित्रं आली. मान डोलावणं आमच्या कॉलनीला नेहमीच छान जमतं.

सुनावणीच्या दिवशी माझी दुसरी पाळी होती. बायकोनं नळ सांभाळला, साहेबांजवळ माझी आई बसली आणि बाईंना गाडीवर बसवून मी घेऊन गेलो. निघताना कॉलनीतून घरोघर मोटारींचा आवाज येत होता. प्राध्यापक हिरवा टी-शर्ट घालून गच्चीवर टाकीत डोकावत होते. ‘टाकी भरली की आलोच,’ म्हणाले. बाईंनी वर बघितलंसुद्धा नाही.

हॉलमध्ये खुर्च्याच खुर्च्या होत्या. व्यासपीठावर एक तरुण अधिकारी, शेजारी लिहून घेणारा कारकून, आणि बिस्किटांच्या बशा. अधिकारी अदबीनं उठला. ‘या काकू, बसा. चहा घ्या.’

‘चहा ऱ्हाऊ द्या. जन्मभर पाजलाय, कशासाठी पाजतात मला ठावं हाय.’

‘बाकीचे नागरिक?’

‘पाणी भरायलेत.’

‘म्हणजे त्यांची हरकत नाही, असं धरायचं का?’

‘हरकत लई हाय. टाकी भरंपर्यंत थांबलीय.’

तो हसला. मग विचारलं, ‘आणि तुमची?’

आता या माणसाची चामडी सोलली जाणार, म्हणून मी सावरून बसलो. पदर सारखा करून बाई म्हणाल्या, ‘तिथल्या कडुलिंबाखाली माझा नवरा मला वळखतो. दुसरीकडं कुठंच नाय.’

अधिकाऱ्यानं मान खाली घातली. कारकुनानं विचारलं, ‘सर, हे कशाखाली लिहू? पर्यावरण की वाहतूक?’

‘इतर,’ अधिकारी म्हणाला.

आम्ही कॉलनीत परतलो तेव्हा गटारीतून स्वच्छ पाणी वाहत होतं. टाक्या भरून सांडल्या होत्या. माझ्या आयुष्यात मला माणसांची इतकी किळस कधी आली नव्हती. पुढे अहवाल आला: एक हरकत, वैयक्तिक स्वरूपाची.

झाडं पडली त्या दिवशी पाणी नव्हतं, त्यामुळे समिती पूर्ण हजर होती. घोषणा झाल्या, काहींचे डोळे ओले झाले, तेही ग्रुपवर आलं. मग रानाभोवती पत्रे ठोकले. त्या संध्याकाळी बाई साहेबांना घेऊन नेहमीसारख्या निघाल्या. पत्र्यापाशी साहेब थांबले, हातानं चाचपलं आणि अनोळखी माणसाशी बोलावं तसं सभ्यपणे म्हणाले, ‘बाई, इथून रस्ता नाही.’ बाई त्यांना घेऊन मागं फिरल्या. आठवड्याभरात त्यांनी घर बंद केलं आणि पैठणकडच्या गावी, साहेबांच्या शेतातल्या घरी निघून गेल्या. निरोपाला प्राध्यापक आले होते. बाईंनी त्यांच्याकडे वरून खालपर्यंत बघितलं, पण या वेळी निकाल दिला नाही. त्यांची तेवढीही योग्यता उरली नसावी.

नंतर एकदा मी त्यांना भेटायला गेलो. घरामागं मोठे कडुनिंब होते. साहेब ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. बाई वाळल्या होत्या, जिभेला मात्र काही झालं नव्हतं. ‘आलास व्हय शिट्टीवाल्या,’ म्हणाल्या. निघताना मी धीर करून विचारलं, ‘काकू, इथं ओळखतात का?’

‘समद्या झाडांखाली बसवून बघितलं,’ त्या म्हणाल्या. ‘रोज सकाळी जाऊन पुढं उभी ऱ्हाते. वर बघतात आन् म्हणतात, आज वेळ नाही बाई, उद्या या.’

‘मग?’

‘मग काय. उद्या जाते.’